चार 'काइंड'

"'नाइस'च ठेवू," मिसेस ट्रस्क म्हणाल्या आणि पेन्सिल कानामागे खोचली.

काउंटरपलीकडे ऑर्विल गॅस्किल टोपी हातात धरून उभा होता. त्याची आई ल्युएला रविवारी गेली होती. निधनवार्तेत आईला 'काइंड' म्हणावं, एवढंच त्याचं मागणं. सोबत मेपल सिरपची बाटली आणली होती. ती मिसेस ट्रस्कनी ठेवून घेतली; विशेषण बदललं नाही.

"अहो, दोन्हींत असा काय मोठा फरक?"

"'नाइस' म्हणजे भेटल्यावर गोड हसणारा. व्हरमाँटच्या थंडीत तेही पुष्कळ झालं. 'काइंड' म्हणजे जो तुमच्यासाठी कंबर मोडून घेतो आणि कुणाला कळू देत नाही."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"मला कळतं."

गावच्या साप्ताहिकात एकतीस वर्षं त्या निधनवार्ता लिहीत होत्या. छापलेली चूक पुढच्या अंकात चौकटीत दुरुस्त करायची, हा पेपरचा नियम. त्यांच्यावर ती वेळ कधी आली नव्हती. 'काइंड' त्यांनी आजवर चौघांनाच दिलं होतं. त्यांतला एक घोडा होता. चौथे चर्चचे डीकन हॉलिस पर्डी. मिस्टर ट्रस्क वारले त्या हिवाळ्यात रोज उजाडण्यापूर्वी कुणीतरी मिसेस ट्रस्कच्या दारातलं बर्फ उपसून जायचं. त्यांनी अंदाजानं चर्चमध्ये हॉलिसचे आभार मानले. हॉलिसनी मान खाली घालून गोड हास्य केलं. पुढचे अकरा नाताळ त्यांच्याकडे फ्रूटकेक गेला. तोही त्यांनी मान खाली घालूनच खाल्ला.

"बरं बाई, 'नाइस' तर 'नाइस'." ऑर्विलनं भिंतीशी टेकवलेलं काहीतरी पुढे केलं. "हे तुमचं. आई परत द्यायला सांगून गेलीय."

बर्फाचं फावडं. दांडा नवा होता. पात्यावर मिस्टर ट्रस्कनी स्वतः ठोकलेली त्यांची आद्याक्षरं.

मिसेस ट्रस्कनी ते लगेच ओळखलं. त्याच हिवाळ्यात हे फावडं शेडमधून नाहीसं झालं होतं. चोराला उद्देशून त्यांनी पेपरात चार खरमरीत ओळी छापल्या होत्या.

"तुमच्या दारातलं बर्फ काढताना दांडा मोडला हो," ऑर्विल ओशाळून म्हणाला. "आईनं नवा बसवला. परत ठेवायला निघाली, तर हातात पेपर पडला. तुम्ही 'निर्लज्ज' लिहिलं होतं. म्हणाली, शब्द निवडावा तर मिसेस ट्रस्कनीच! मग मार्चपर्यंत आमचंच फावडं घेऊन येत राहिली."

मिसेस ट्रस्क पेन्सिल शोधू लागल्या. टेबलावर, खणात, कागदांखाली. ती कानामागेच होती. ऑर्विलला ते सांगायचा धीर झाला नाही.

गुरुवारच्या अंकात ल्युएलाची वार्ता आली. तीत विशेषण एकच होतं. खाली चौकट होती :

'दुरुस्ती : दिवंगत डीकन हॉलिस पर्डी यांच्या निधनवार्तेत "काइंड" असे छापले गेले. तेथे "नाइस" असे वाचावे.'