गफ्फारभाऊची तक्रार

"तीन महिने झाले आणि रजिस्टर कोरं?" साहेबांनी एक पान उलटलं, मग आणखी एक. "एकही तक्रार नाही?"

"एकबी नाई, साहेब," गफ्फारभाऊ म्हणाले आणि छाती जराशी पुढे काढून उभे राहिले. आता शाबासकी मिळणार, याची त्यांना खात्री होती.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. तक्रार नाही म्हणजे दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणजे माणूस कशाला हवा? महिनाअखेरीस करार संपतोय, तो पुढे वाढणार नाही. "सोमवारी महिना संपतोय, हत्यारं जमा करा," ते म्हणाले.

गफ्फारभाऊंना काही म्हणजे काही उमगेना. गेली तेवीस वर्षं ते चिमूरच्या आसपासच्या नऊ गावांचे नऊ हातपंप सांभाळत होते. इकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. सायकलच्या दांडीला बोल्ट आवळायचे पाने बांधायचे, डब्यात ग्रीस घ्यायचं आणि निघायचं. बोरिंग बंद पडलं की बायांना जंगलातल्या नाल्यावर जावं लागे. अशीच एकदा गेलेली मंगली अस्वलाच्या तावडीत सापडली आणि तिचा एक डोळा गेला. तेव्हापासून बोरिंग बिघडायची वाट बघणं त्यांनी सोडलं. ते आधीच जात. शिवाय दर गावात एका बाईला त्यांनी झाकण उघडायला, साखळीला ग्रीस लावायला, बोल्ट आवळायला शिकवलं होतं. तिच्याजवळ एक पाना कायमचा ठेवून दिला होता.

घोळ केला तो त्या कागदाने. या बोरिंगांची देखभाल करणाऱ्या संस्थेत हे नवे साहेब आले आणि त्यांना सगळं लेखी हवं झालं. सेवा करार म्हणे. तक्रार आली की चोवीस तासांत पोचायचं, अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करायचं, दर तीन महिन्यांनी आढावा. आता गफ्फारभाऊंच्या घरी तकरार म्हणजे भांडण. नळावर शेजारणीशी त्यांच्या बायकोची, नूरीची होते ती तकरार. करार वाचून दाखवला तेव्हा ते त्या एका शब्दापाशीच अडून बसले.

"साहेब, माही कोनाशी तकरार नाई."

"उत्तम. तेच तर हवंय," साहेब म्हणाले होते.

गफ्फारभाऊंनी सही ठोकली. मग नऊही गावांत हात जोडत फिरले. काही झालं तर मले सांगा, पन हापिसात जाऊन तकरार नका लिवू, माही इज्जत जाईन. बायांनी ऐकलं. कुणाचा दांडा कुरकुरला की चिमूरच्या बसमधल्या कंडक्टरकडून निरोप येई आणि गफ्फारभाऊ सायकलवर टांग टाकत.

शनिवारी ते वच्छलाबाईच्या गावी गेले. साखळी तपासली, तिचा बोल्ट आवळला, फडक्याला हात पुसले.

"सोमवारपासून मी येनार नाई, बाई."

"काऊन?"

"बोरिंग बिघडत नाईत म्हून."

"अन् बिघडले असते तं?"

"तं ठेवलं असतं मले."

वच्छलाबाईने घागर खाली ठेवली. "भाऊ, तुमाले ऊन लागलं काय?"

"कागदात तसंच हाये, बाई. मलेबी नाई समजून राह्यलं."

"आनखी काय लिवलं हाये कागदात?"

त्यांनी सगळं सांगितलं. चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास, रजिस्टर. रजिस्टर कुठी रायते, एवढंच तिने विचारलं आणि घागर उचलून ती घरी गेली.

सोमवारी हत्यारांची पिशवी घेऊन गफ्फारभाऊ हापिसात आले तर व्हरांड्यात बायांची रांग. नऊ गावांच्या नऊ बाया, सगळ्या ओळखीच्या. सगळ्यात पुढे वच्छलाबाई, तिच्यामागे मंगली. एकीनेही त्यांच्याकडे मान वळवली नाही. धनराज कारकून रजिस्टर उघडून बसला होता.

"कोनाची तक्रार?"

"गफ्फारभाऊची," वच्छलाबाई म्हणाली. "बोरिंग बंद हाये. कालच्या सांजपासून. लिवा."

"तुमची?"

"गफ्फारभाऊची," मंगली म्हणाली. "आमचंबी बंद हाये."

गफ्फारभाऊंनी पिशवी खाली ठेवली. नऊच्या नऊ एका दिवसात? शनिवारी तर आपल्या हाताने बोल्ट आवळला होता. आणि बंद पडलं तर पडलं, निरोप पाठवायचा सोडून या बाया रजिस्टरपाशी येऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्या दारची भाजीभाकर आपण घरची समजून खाल्ली, त्याच. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

साहेब बाहेर आले. त्यांनी भरलेलं पान वाचलं आणि त्यांचा चेहराच खुलला. "नऊ! म्हणजे माणूस लागतो तर. धनराज, यांचा करार वर्षभर वाढवा. आणि गफ्फारभाऊ, चोवीस तास बरं का. वेळ सुरू झाली."

आपण नापास झालो म्हणून पास झालो, की कसं, हे गफ्फारभाऊंना कळेना. ते खाली मान घालून सायकलपाशी आले. कुलूप उघडेना. मागे पावलं वाजली. वच्छलाबाई होती.

"बाई, तेवीस वर्सं झाले. माह्यं चुकलं तरी कुठी?"

तिने पदराची गाठ सोडली आणि त्यांच्या ओंजळीत नऊ बोल्ट ओतले. सगळ्यांना त्यांनीच लावलेलं ग्रीस होतं.

"बेगीन निघा. आज पहाटे मंगली नाल्यावर जाऊन आली," ती म्हणाली. "अन् मनाले लावून घेऊ नका, भाऊ. आमची तकरार नाई तुमच्याशी. तक्रार हाये फक्त."