काचा वर

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात कुणी लिहून न ठेवलेला एक नियम आहे: जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, ज्याच्या गाडीच्या काचा खाली, त्याचा एसी मेला. माझ्या नवऱ्याने, क्लाइव्हने, तीन शनिवार बोनेटमध्ये डोकं घातलं, तरी आमचा एसी गरम वाराच फेकत होता. पण क्लबच्या आठ गाड्यांच्या सहलीत वॉगा गावापासून नरँडेरा गावापर्यंत त्याने मला काच उघडू दिली नाही.

"क्लाइव्ह, बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे. मी इथे शिजतेय!"

"नोलीन, मागून कीथ येतोय. हसतमुख बस. आणि तो नकाशा खाली ठेव, वारा घेताना दिसतेस."

नरँडेरातल्या पबसमोर आठही गाड्या थांबल्या. सात गाड्यांतून घामाने निथळणारी, टोमॅटोसारखी लाल झालेली माणसं उतरली आणि थेट डॅरिलच्या गाडीभोवती जमली, कारण वाटभर काचा खाली होत्या त्या एकट्या डॅरिलच्या.

"गॅस संपला असेल बघ," कपाळ पुसत कीथ म्हणाला.

"छे, पट्टा सैल झालाय," शर्टाचं टोक पिळत क्लाइव्ह म्हणाला. "लाजतोस काय लेका? माझ्याकडे आण, तासाभरात बर्फासारखा गार करून देतो."

डॅरिल गोंधळून बायकोकडे बघायला लागला. ती स्वेटरची घडी घालत गाडीतून उतरली.

 

"अहो, एसीला काही झालेलं नाही. मीच गारठले होते, म्हणून काचा खाली करायला लावल्या."