हिरवा ठिपका

मी दहावीत आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चक्क स्वतःचा सर्व्हर चालवते. पप्पांचा फोन त्याला जोडलेला असला की घरच्या टीव्हीवर त्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. फोन जरा वेळ गप्प राहिला की सर्व्हर आपणच जोडणी तोडायचा, ठिपका जायचा आणि आई घाबरायची. म्हणून मी तो नियमच काढून टाकला. तेव्हापासून फोन कितीही वेळ गप्प असला तरी ठिपका जात नाही.

आज पडेगावहून निघालेले पप्पा अजून आले नाहीत, फोनही लागत नाही. शेजारचे सोमनाथकाका शोधायला गाडी काढत होते. आईनंच थांबवलं.

"राहू द्या भाऊजी, ठिपका हाय की हिरवा. येतील."

मी हळूच नियम परत लावला.



ठिपका लगेच विझला.