सैल तार

"आई, स्वयंपाकघरातला बोर्ड तापलाय. हात लावू नकोस," भिंत पुन्हा बोलली.

हा आवाज ऐकला की वायरमन उदय केळसकरचा पाय दारातच अडखळायचा. नव्या घरांची वायरिंग आपला धोकादायक बिघाड आपणच ओळखून सांगायची. वास्तुशांतीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांत धाकट्याचा आवाज तिला द्यायची रीत पडली होती. कुमुदताईंच्या या घराला त्यांच्या लेकीचा, ऋजुताचा आवाज होता. ऋजुता गेल्या चैत्रात काविळीने गेली.

उदयने मेन स्विच बंद केला. भिंतीची बॅटरी वेगळी, त्यामुळे ती बोलतच राहिली. बोर्ड उघडला तर आतली तार सैल झालेली, तिचं आवरण जळून काळं पडलेलं. याच बोर्डासाठी तो मागेही येऊन गेला होता. या वेळी मात्र स्क्रूवर ताजे ओरखडे होते आणि ओट्यावर टोक वाकलेली सुरी पडली होती.

"काकू, हा स्क्रू तुम्ही सैल केलात?"

कुमुदताई धुतलेलंच पातेलं पुन्हा विसळत राहिल्या.

"अशानं एक दिवस घर पेटेल."

"पेटायच्या आधी ती सांगते ना," त्या म्हणाल्या. "सगळं नीट असलं की बोलतच नाही."

उदयने खाली मान घालून स्क्रू आवळायला घेतला.

"आई, स्वयंपाकघरातला..."

घर गप्प झालं.

कुमुदताई पातेलं हातात धरून भिंतीकडे बघत राहिल्या.

"एवढी घाई नव्हती रे," त्या म्हणाल्या. "तिचं बोलणं तरी पुरं होऊ द्यायचंस."