थर्मासचं झाकण

“सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?” पोटावर गार जेल लावत सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी विचारलं. “नाही.” गेल्या वर्षी याच टेबलावर आई होती, तिच्या वतीने हेच उत्तर मी दिलं होतं. खरं तर बाहेर बाकावर ती म्हणाली होती, “ओत गं. घोटभर चहाने काय आभाळ कोसळतंय?” मी थर्मासचं झाकण भरून दिलं. दुधाच्या चहाने पित्ताशय आकसलं, आतली गाठ दिसलीच नाही. “उद्या खरंच उपाशी या,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा उपाशी? नाही बाई!” आई हसली, मीही. चार महिन्यांनी गेलो तेव्हा तिचे डोळे पिवळे पडले होते. पंधरवड्यात ती गेली. आता पडद्यावर माझं पित्ताशय आलं. “एकदम स्वच्छ.” डॉक्टर हात उचलू लागले. मी त्यांचं मनगट धरलं. “थांबा. एवढं स्पष्ट दिसतं? बघू द्या मला.”