चौथ्या ट्यूनची लय

वर्षभर प्रत्येक कार्यक्रमानंतर कीबोर्डवाला मलाच झापायचा, "चौथ्या ट्यूनमध्ये तुझी लय ढळते."

आज स्टुडिओत आमच्या जॅझ फ्यूजन बँडचा अल्बम पहिल्यांदा पूर्ण ऐकला. चौथी ट्यून अगदी घड्याळासारखी चालली होती, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"माझे ड्रम काढून गुपचूप मशीन लावलंस ना?" मी त्याला विचारलं.

त्यानं डावा हात खिशात खुपसला. मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, "नुसते ड्रम ऐकव बरं." ड्रमच्या आवाजामागे माझ्या जुन्या स्टुलाची कुरकुर स्वच्छ ऐकू आली. म्हणजे वाजवलं मीच होतं.



"मशीन लावलंय," म्हणत कीबोर्डवाल्यानं थरथरणारा डावा हात खिशातून बाहेर काढला. "माझ्या जागी."