पाच विश्वस्तांचा भगवा

हेमलताच्या कॉम्प्युटरवर रंगांच्या यादीत पाच भगवे मांडी घालून बसले होते : ‘भगवा’, ‘भगवा नवा’, ‘अण्णांचा भगवा’, ‘पक्का भगवा’ आणि ‘हाच भगवा’. कीर्तन सप्ताहाच्या पत्रिकेसाठी देवळाच्या पाच विश्वस्तांनी तिच्याकडून आपापली छटा करून घेतली होती.

छापखान्यातून फोन आला. “ताई, प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. एका पत्रिकेला पाच भगवे? सप्ताह परवावर आलाय. पत्रिका काय काल्याच्या कीर्तनात वाटायच्या?”

एकाचा ठेवावा तर चौघे रुसणार, आणि रुसलेल्याकडेच नेमकी सभामंडपाची किल्ली असते. हेमलताने देवाचं नाव घेतलं, गेल्या वर्षीच्या पत्रिकेतला भगवा उचलला आणि पाचही भगव्यांच्या जागी तोच एक भरून टाकला.

पत्रिका वेळेत आली. विश्वस्त एकेकटे येऊन तिच्या कानाशी कुजबुजून गेले, “कुणाला बोलू नका, पण माझाच भगवा उठून दिसतोय हं!”

पहिल्याच कीर्तनात बुवांनी विचारलं, “देव किती?”

“एकच!” पाचही विश्वस्त एका सुरात ओरडले.

मागे बसलेल्या हेमलताने सगळ्यांत जोरात टाळी वाजवली.